सुटलेल्या मिस्त्रींची खाट

आमच्या तुरुंगाच्या दवाखान्यात आक्का नर्स आणि मी कंपाउंडर, म्हणजे त्यांची बोलणी खाण्याचा पहिला मान माझा. दुसरा जेलरसाहेबांचा. आक्कांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्याची खैर नसते.

मिस्त्री जन्मठेपेचे कैदी. आत सुतारकाम करायचे. त्यांना हाडांचा कॅन्सर झाला. साधी कूस बदलायची तरी किंकाळी फुटायची. बहीण त्यांना घरी न्यायला तयार होती, म्हणून आक्कांनी साहेबांचा पिच्छाच पुरवला: आता सोडा याला, घरी तरी मरू दे. साहेबांचं एकच, "वर कळवलंय." हे 'वर' नेमकं कुठे असतं ते देवालाच ठाऊक. तोही तिथे राहत नसावा.

हुकूम आला खरा, पण तोवर बहीण वारली होती.

त्या सकाळी साहेब दारात येऊन उभे राहिले. "आक्का, पेशंट सुटला. खाट रिकामी करा."

"आणि नेऊ कुठे? माझ्या डोक्यावर?"

"अहो, इथली खाट, इथलं इंजेक्शन कैद्यांसाठी आहे. हा आता कैदी नाही. बाहेरच्या माणसाला दिलं तर माझी नोकरी जाईल."

मी मोठ्या दवाखान्याला फोन लावला. ते म्हणाले, आता यात बरं करण्यासारखं काही नाही, घरी न्या. घरी! मी फोन आपटला. माणसाला दुखू नये एवढंच मागत होतो, तेही कुणाच्या खात्यात बसेना.

मिस्त्री सगळं ऐकत होते. हळूच म्हणाले, "साहेब, मला परत आत घ्या की."

"असं कसं घेणार? काही गुन्हा नको का?" साहेब वैतागून बोलून गेले.

मिस्त्रींनी उशाजवळचा स्टीलचा पेला उचलला. तेवढ्यानेही त्यांचा चेहरा पिळवटला. फेकलेला पेला साहेबांपर्यंत पोचलाच नाही. पाणी माझ्या चपलांवर सांडलं आणि पेला गडगडत खाटेखाली गेला.

"हल्ला!" आक्का कडाडल्या. "अधिकाऱ्यावर हल्ला! मी साक्षीदार, हा कंपाउंडर साक्षीदार. चौकशी होईपर्यंत आरोपीला हलवायचं नाही, हा तुमचाच नियम ना?"

मला वाटलं, आता आमची दोघांची नोकरी गेली. साहेब पेल्याकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी आपली कोरडी बाही पुसली.

"चांगलाच भिजलोय," ते म्हणाले. "चौकशी मी स्वतः करणार. सावकाश करणार." आणि जाता जाता माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलास? आरोपीला इंजेक्शन दे!"

आठवड्याभराने मिस्त्रींनी त्याच खाटेवर प्राण सोडला. कण्हले नाहीत. आक्कांचा हात त्यांच्या हातात होता.

आक्का रडतील असं वाटलं होतं, पण त्या भयंकर चिडलेल्या होत्या. "याची सुटका व्हावी म्हणून मी जिवाचं रान केलं रे," म्हणाल्या, "आणि तीच त्याच्या मुळावर आली होती."

मग त्यांनी पेला घासला, पाण्याने भरला आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांच्या उशाशी ठेवला. त्यांचाही हुकूम यायचा होता.