आभारानंतरचा सामना

सत्कार या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा आहे. आमच्या सोलापुरात माणूस जन्माला आला की त्याचा सत्कार ठरलेलाच असतो; कधी आणि कुणाच्या हस्ते, एवढंच काय ते बाकी. शाल, नारळ, फेटा, आणि फेटा डोक्यावर नीट बसायच्या आत फोटो. लग्नातसुद्धा नवरा-नवरी ताटकळत उभे आणि आधी आलेल्या पुढाऱ्यांचे सत्कार. हे सगळं बघतच मी मोठी झाले. पण बास्केटबॉलच्या कोर्टावरही ते बघावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

दोनेक वर्षांपूर्वी महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग निघाली. एक हंगाम झाला आणि बंद पडली, त्यामुळे बहुतेकांना ती आठवतही नसेल. त्यातला एक संघ सोलापूरच्या नावाचा होता. मालक चादरींच्या धंद्यातला. खेळाडू केरळ, छत्तीसगड, पंजाब, कुठून कुठून आणलेल्या, आणि सोलापूरची म्हणावी अशी मी एकटी. वय तेहतीस, उजवा गुडघा कुरकुरणारा, मंद्रूपच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. बिनपगारी रजा मागायला गेले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, या वयात?" मी उत्तर गिळलं, कारण त्यांची सही अजून व्हायची होती.

मला त्या हंगामाकडून एकच गोष्ट हवी होती. अव्वानं मला खेळताना बघावं. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी चालतं. वीस वर्षं मी खेळत आले, शाळेकडून, कॉलेजकडून, विद्यापीठाकडून, आणि अव्वा एकदाही बघायला आली नव्हती. तिनं मला कधी अडवलंही नाही. माझी हाफ पँट ती रोज धुवायची, पण वाळत घालायची आतल्या खोलीत, पंख्याखाली, शेजारणींना दिसू नये म्हणून. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायची, "क्लासला गेलीया." मी जिंकून आणलेल्या एका कपात ती सुपाऱ्या ठेवायची. त्या सुपाऱ्यांचा मला जेवढा राग यायचा तेवढा हरल्याचासुद्धा कधी आला नाही.

हंगाम सुरू व्हायच्या आधी शहरभर फलक लागले आणि सगळ्यांवर माझा फोटो सर्वांत मोठा. कोर्टावर मात्र मी बाकावर. माझ्या जागी छत्तीसगडची एक पोरगी खेळायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पायात नुसतं वारं. तिचं काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच ती मला डोळ्यांसमोर नको असायची. कोचबाई केरळच्या, बोलणं कमी आणि शिट्टी जास्त. त्यांनी मला स्पष्ट सांगून टाकलं होतं की गुडघा बरा होईपर्यंत तू बस. कोचबाईंचं मी ऐकून घेतलं. डोक्यात जायचा तो मॅनेजर.

तो मालकाचा भाचा. त्यानं आयुष्यात खांद्याच्या वर हात उचलला असेल तो फक्त कुणाच्या गळ्यात हार घालायला. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मॅडम, तुमी हितल्या. मराठी तुमचं, कन्नड तुमचं. पावन्याचं सगळं तुमीच बघायचं." म्हणजे काय, तर घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्यात पाहुण्यांना ओवाळायचं, नारळ द्यायचा, आणि शेवटी माइकवर आभार मानायचे. संघाच्या जर्सीवर शाल पांघरून मी ही कामं करायची. नमनालाच घडाभर तेल जायचं, मग कधीतरी सामना सुरू व्हायचा, आणि तो संपला की पुन्हा मी उभी, "सर्वांचे मनःपूर्वक आभार." एकदा मी त्याला म्हणाले, "मी खेळाडू आहे, सूत्रसंचालक नाही." तो हसला. "मग खेळा की! नगं कोन म्हनतंय?" त्या वेळी तळपायाची आग मस्तकात गेली, पण कोचबाई बघत होत्या, म्हणून मी नुसती बुटांची नाडी आवळली.

घरच्या पहिल्या दोन्ही सामन्यांना अव्वा आली नाही. दोन्ही दिवशी आमच्या भागात नळाला पाणी यायचं होतं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून सोलापुरातली कुठली बाई बास्केटबॉल बघायला येईल? मी भांडले. "मी हंडे भरून ठेवते, तू जा," असंही म्हणाले. तर म्हणे, "मग खेळनार कोन, हंडं?" तिचं बरोबर होतं, आणि ती बरोबर असली की मला जास्तच चीड येते.

शेवटचा घरचा सामना आला. आमचा संघ बाद झालेलाच होता, त्यामुळे हरण्या-जिंकण्याला अर्थ उरला नव्हता. पाणी आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं. अव्वा आली. गल्लीतल्या बायकांना घेऊन, इरकल नेसून, हातात पाण्याच्या बाटलीची पिशवी घेऊन आली आणि कोर्टालगतच्या भाड्याच्या खुर्च्यांवर तिसऱ्या रांगेत बसली. मी हात केला. तिनं पदर सारखा करून दुसरीकडे बघितलं. लाजली बहुतेक.

सराव करताना कोचबाई जवळ आल्या. "सेकंड हाफ, तुम. पूरा." एवढंच बोलल्या आणि गेल्या. अव्वाला जाऊन सांगावं असं फार वाटलं, पण तेवढ्यात रेफ्रीनं शिट्टी मारली आणि मी बाकावर जाऊन बसले. पहिला निम्मा सामना मी तिथंच होते. अव्वा कोर्टाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होती. मला काही वाटलं नाही. थांब, म्हटलं, आता बघशील.

मध्यंतर झालं आणि प्रमुख पाहुणे आले. यायचे होते सामन्याच्या आधी. वरातीमागून घोडं, आणि घोड्यामागे पंधरा-वीस कार्यकर्ते. मॅनेजरनं धावत येऊन माझ्या खांद्यावर शाल टाकली. सत्कार झाले. मालकाचा झाला, मालकाच्या मेहुण्याचा झाला, रेफ्रीलाही फेटा बांधला. पाहुण्यांनी भाषण केलं, त्यात तीनदा कबड्डी म्हणाले. खेळाडू घामानं ओल्या अंगानं उभ्या. मग मॅनेजरनं माइक माझ्या हातात कोंबला.

"आभार."

"आत्ता? अजून निम्मी मॅच राहिलीय. आभार शेवटी असतात."

"सायेबांस्नी नातेपुत्याला लग्नाला जायाचंय. ते गेल्यावर आभार कुनाचं मानू, खुर्चीचं? लवकर आटपा की!"

मी आटपलं. रागात होते म्हणून भराभर बोलले, आणि राग असला की माझी मराठी फार शुद्ध होते. पाहुण्यांचे, मालकांचे, मंडपवाल्यांचे, ध्वनिव्यवस्थेचे, "आणि या उन्हातान्हात आवर्जून उपस्थित राहिलेल्या आपणा सर्वांचे." शेवटी सांगणार होते की सामना पुढे चालू राहील. तेवढ्यात मॅनेजरनं बोट वर केलं आणि राष्ट्रगीत लागलं.

काय होणार ते मला पहिल्याच ओळीला कळलं. आपल्याकडे माणूस शाळेपासून हेच शिकतो: आभार झाले, राष्ट्रगीत झालं, की कार्यक्रम संपला. सगळे ताठ उभे. मीही ताठ उभी, हात शरीराला चिकटलेले, शाल खांद्यावरून घसरतेय आणि ती सावरता येत नाही. अव्वा तिसऱ्या रांगेत शिस्तीत उभी होती. पिशवी तिनं आधीच काखेत घेतली होती. मी डोळ्यांनी तिला "थांब, थांब" म्हणत होते. राष्ट्रगीतात डोळ्यांनी कितीसं बोलता येतं?

जय हे संपलं आणि सगळी गर्दी दाराकडे वळली. मी माइक तोंडाशी नेला तर मॅनेजरनं तो काढून घेतला. त्याला जाहीर करायचं होतं की पांढऱ्या रंगाची गाडी दारात आडवी आहे, सायेबांची गाडी निघायला जागा द्यावी. मी "अव्वा!" म्हणून ओरडले. कुणाच्या तरी अव्वानं वळून बघितलं, माझ्या नाही. मी निघाले तर कोचबाईंनी दंड धरला. "किधर देखता है? गेम इधर है."

मग मी खेळले. आयुष्यात तशी कधी खेळले नव्हते. राग हातात उतरला की माझा हात हलका होतो. लांबून टाकलेला चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली यायचा. पाहुण्या संघाची उंच पोरगी मला अडवायला आली, तिला मी कोपर मारलं, फाऊल घेतला आणि माफी मागितली नाही. गुडघा दुखत होता, दुखू दे म्हटलं. समोर मंडपवाले खुर्च्या उचलत होते. एकात एक प्लॅस्टिकच्या खुर्च्या आपटल्याचा आवाज, आणि तिसरी रांग तर त्यांनी सगळ्यात आधी उचलली. टाळ्या वाजवणारी एकटी ती छत्तीसगडची पोरगी, बाकावरून, अगदी मनापासून. तेही मला सहन होईना.

आम्ही जिंकलो. पाहुण्यांना गाडीत बसवून मॅनेजर परत आला आणि म्हणाला, "झाली का? कोन जिंकलं?" चेंडू माझ्या हातात होता. मी तो दोन्ही हातांनी छातीपासून सरळ फेकला, शाळेत मुलींना शिकवते तसा, आणि तो त्याच्या पोटात बसला. तो मटकन खाली बसला. मला त्याबद्दल आजही काडीचं वाईट वाटत नाही.

घरी गेले तर अव्वा भाकरी करत होती. मी हातपाय धुऊन जेवायला बसले. ती तव्याकडे बघतच म्हणाली, "आज बगितलं गं तुला."

"काय बघितलंस?"

"सगळं. शेवटपातूर बसले की. काय बोललीस! बायका इचारत हुत्या, लेक कुनाची म्हनून." भाकरी उलटी केली. आवाज खाली आणला. "पन तुला बसवूनच ठिवलं की गं त्यांनी. त्या बारक्या पोरी पळत्यात आन तू आपली बाकावर. ईस वर्सं मला वाटायचं, माजी लेक खेळतीया." मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला निखाऱ्यासारखा लागला. "असू दे. न्हाय येत तर न्हाय येत. बोलायला येतंय की तुला. साकु आता."

साकु म्हणजे पुरे. लहानपणी मी पडून रडत घरी यायची, तेव्हा ती असंच म्हणायची.

"तू गेल्यावर खेळले मी," मी म्हणाले. आवाज चढला होता. "निम्मी मॅच राहिली होती, अव्वा. सगळी मीच खेळले. आम्ही जिंकलो."

अव्वानं माझ्याकडे बघितलं. भांडायची तिची इच्छा नव्हती.

"व्हय गं," ती म्हणाली. "खेळली असशील." आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.