मधला स्पीकर

यातला पहिला प्रसंग मी पाहिलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगते. तो मला आईने, भावाने आणि भावजयीने वेगवेगळ्या प्रकारे सांगितला. तिघांच्या सांगण्यात जेवढे समान होते, तेवढेच इथे देते आहे. बाकीचे माझ्यासमोर घडले. ते घडले नसते तर बरे झाले असते.

जी वस्तू घरात नीट बसते, तिची गोष्ट होत नाही. आमच्या फ्रिजविषयी आजवर कोणी काही सांगितलेले नाही. उमरग्याच्या घरातल्या होम थिएटरचे मात्र किस्सेच किस्से! चार माणसे चहाला जमली, की कोणीतरी म्हणतेच, “अक्का, त्ये वूफरचं सांगा की.” मी सांगते. सगळे हसतात. ती यंत्रणा आणली कशासाठी होती, हे कोणी विचारत नाही. म्हणून तेही आधी सांगून टाकते.

वडिलांसाठी. आबांनी आयुष्यभर बस चालवली. जुन्या बसमध्ये इंजिन चालकाच्या डाव्या हाताला, केबिनमध्येच असे. आधी डावा कान गेला, मग उजवाही मंदावला. कानात घालायचे यंत्र त्यांनी थोडे दिवस वापरले आणि “भांडी लई वाजत्यात” म्हणून कपाटात ठेवून दिले. मग ते टीव्हीचा आवाज वाढवू लागले. मग घरातले तो कमी करू लागले. एका संध्याकाळी आबांनी रिमोट सोफ्यावर ठेवला आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. भांडण नाही, तक्रार नाही. पण त्यानंतर संध्याकाळी ते बैठकीच्या खोलीत आले नाहीत.

मी सोलापूरला पदार्थविज्ञान शिकवते. माझे गणित सरळ होते. चित्रपटातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. तो चांगला असला, बाकीचे त्याला जुळणारे असले आणि ऐकणारा योग्य जागी बसला, तर आवाज न वाढवताही शब्द कळतात. शब्द कळले, तर आबा आत येतील.

*

खोकी आली त्या दिवशी मी सोलापुरात होते. समोरचे दोन स्पीकर, मागचे दोन, मधला एक, एक वूफर आणि अँप्लिफायर. दुकानांमागून दुकाने पालथी घालून, ऐकून ऐकून, एकमेकांशी जुळणारे निवडलेले.

आमच्या घरात एक दंडक आहे. माझे दोन भाऊ: सुधाकर खाली आई-आबांजवळ राहतो, विजय वरच्या मजल्यावर. दोघांची लग्ने झाल्यापासून घरात जे येते, ते दोघांना सारखे मिळते. कूलर दोन, मिक्सर दोन. आंब्याची पेटी आली तरी आई आंबा हाताळून, लहान-मोठा बघून वाटे घालते.

आईने खोकी उघडली आणि वाटे घातले. समोरचा एक खाली, एक वर. मागचा एक खाली, एक वर. वूफर खाली, त्याच्या बदल्यात अँप्लिफायर वर. उरला मधला. त्याला जोड नव्हती. विजयने लगेच दुकानाला फोन लावला, “ओ भाऊ, एक नग कमी आलाय. ह्यो एकटाच हाय.” तिकडे फोनवर कोणीतरी नवा माणूस होता. तो म्हणाला, “पाठवून द्या, बघतो.”

आणि यांनी पाठवून दिला!

मी फोनवर आईला म्हणाले, “अगं, तो एकच असतो. सगळं त्याच्यासाठीच तर घेतलं होतं.”

आई म्हणाली, “एकच असतो तर मग कुनाला द्यायचा व्हता?”

मी फोन ठेवला आणि दुकानाचा नंबर लावला.

*

मधला परत येईपर्यंत बाकीचे तरी खाली आणून लावावेत, म्हणून शब्बीरला बोलावले. शब्बीर म्हणजे आमच्याकडचा साउंडवाला. त्याचे सगळे शिक्षण लग्नाच्या वरातीत झालेले. मी टेप घेऊन भिंत मोजत होते आणि तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे दयेने पाहत होता.

“अक्का, मोजून शर्ट शिवत्यात. साउंड म्हंजे छाती हालली पायजे!”

भिंतीच्या मध्यावर बुद्धमूर्तीचा कोनाडा आहे. तो हलणार नव्हता आणि हलवा असे मी म्हणणारही नव्हते. त्यामुळे टीव्ही डावीकडे सरकला, त्याच्यामागे स्पीकर सरकले, आणि सगळी अंतरे जुळतील अशी खोलीत एकच जागा उरली. ती नेमकी स्वयंपाकघराच्या दारात! तिथे मी आबांची खुर्ची मांडली आणि ओट्यावरून त्यांना हाताला धरून आणले.

“आबा, पाय.”

“आबा, जरा.”

“आबा, सरका, हातात कुकर हाय.”

दर वेळी आबा उठत, खुर्ची उचलून बाजूला घेत, माणूस गेले की पुन्हा जागेवर आणत. मी स्पीकरचा कोन बदलण्यात गुंतले होते. वळून पाहिले तर खुर्ची रिकामी. आबा ओट्यावर.

“इथं बरं हाय,” ते म्हणाले. “कुनाच्या वाटंत न्हाय.”

*

वूफरचा किस्सा तो हाच.

सास्तूरची मावशी मुक्कामाला आली होती. दुपारची जेवणे झाली होती, बायका भुईवर पाय पसरून बसल्या होत्या. शब्बीर वूफर जोडत होता. “आता बघा,” म्हणाला आणि त्याने हेलिकॉप्टरचा प्रसंग लावला. शोकेसच्या काचा थरथरल्या. खिडकीचे गज थरथरले.

मावशी उठली. तिने आईचे मनगट धरले, दुसऱ्या हाताने सुधाकरच्या मुलीला उचलले आणि सरळ अंगणाबाहेर, रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली. अनवाणी. हायवेकडे वळणारा एक ट्रक करकचून थांबला. विजय हसायला लागला, आणि मग त्याला सास्तूरचा भूकंप आठवला, आणि तो हसायचा थांबला.

मी धावत गेले. “मावशी, सिनेमातला आवाज आहे तो. हेलिकॉप्टर आहे.”

“मला कळतंय गं,” मावशी म्हणाली. “पायास्नी कळत न्हाय.”

शब्बीरने वूफरची वायर काढली ती कायमची. आता त्याच्यावर इस्त्रीचे कपडे असतात. शब्बीर मात्र जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “पर अक्का, रिझल्ट बघितला का?”

*

मधला स्पीकर परत आला. मी शनिवारी घरी पोहोचले, दिवा लावला, आणि पाहिले तर सगळ्या स्पीकरना कपडे शिवलेले होते! सुधाकरची बायको कविता शिवणकामात हुशार. पडद्यांचे मखमली कापड उरले होते. त्याची खोळ, खोळीला झालर, झालरीला टिकल्या. मधल्याला तर दुहेरी अस्तर, कारण तो सगळ्यांत महत्त्वाचा, असे मीच फोनवर सांगितले होते.

लावून पाहिले. तोंडावर उशी धरून माणसे भांडत असावीत, तसे संवाद ऐकू येत होते.

“कविता, यातून आवाज बाहेर येत नाही गं.”

“आवाज येतोय की, अक्का. धूळ जात न्हाय फक्त.” तिचा चेहरा पडला. “हायवेची धूळ किती असती, तुमी हितं राहात न्हाय म्हनून तुमाला म्हाईत न्हाय.”

मी खोळी काढल्या. घड्या घालून कपाटात ठेवल्या. आठ दिवसांनी आले, तर पुन्हा चढलेल्या, धुऊन, इस्त्री करून.

*

मग मागचे दोन गायब झाले. मुरुमला विजयच्या दोस्ताकडे बारसे होते, “घरचंच हाय, न्हाय कसं म्हनायचं?” ते परत आले तेव्हा एकाच्या जाळीत फुगा फुटून चिकटलेला होता आणि दुसऱ्याच्या तोंडाला हळदकुंकू. वायर तोडून, लांबवून, रंगीबेरंगी चिकटपट्टीने जोडलेली. एकाचा आवाज खर्जात, दुसऱ्याचा नाकात.

मी विजयला विचारले, “हे काय आहे?”

“अक्का, पाहुण्यांनी लई तारीफ केली,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात लग्नाला बी मागितल्यात.”

*

आता आबांचे. या सगळ्या काळात मी दर वेळी त्यांना आत बोलवी, खुर्चीवर बसवी, एखादा प्रसंग लावी आणि विचारी, “आबा, ऐकू येतंय?”

“व्हय.”

“आधीपेक्षा चांगलं?”

“व्हय.”

“का आधीच चांगलं होतं?”

“व्हय, व्हय.”

होकार म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून मी चाचणी घेतली. एक वाक्य लावले, थांबवले, “आता तो काय म्हणाला, सांगा.” आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग टीव्हीकडे, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे. उत्तर माझ्या ओठांवर कुठे सापडते का, ते शोधत असावेत. मग म्हणाले, “माय, लायसनला बी एवढं इचारलं नव्हतं मला.” आणि उठले.

ओट्यावर मेहबूबचाचा आलेले होते. ते आबांच्या बसवर कंडक्टर होते. निवृत्तीनंतरही रोज येतात. आई आतून “जेवायला चला” म्हणून हाका मारून थकली होती, आबा ढिम्म. मेहबूबचाचांनी हातातला स्टीलचा ग्लास लोखंडी फाटकावर दोनदा ठोकला. टण, टण. डबल बेल. आबा तत्काळ उठून उभे राहिले!

मी थक्क झाले. इंजिनाजवळ बसून गेलेल्या कानातून उंच, बारीक स्वर आधी जातात. घंटेचा तर सगळ्यांत आधी जायला हवा. “चाचा, हे त्यांना कसं ऐकू येतं?”

“ऐकू कुठं येतंय, बेटा,” मेहबूबचाचा म्हणाले. “डबल दिली की गाडी निघती. बस.”

*

शेवटी एका रविवारी सगळे जमून आले. मधला स्पीकर जागेवर. खोळी काढलेल्या, त्यासाठी कविताशी अर्धा तास गोड बोलून. मागच्या दोघांना नव्या वायरी. वूफर बंद. स्वयंपाक आधीच उरकलेला, म्हणजे दारातून कोणी ये-जा करणार नव्हते. कूलर बंद, पंखा मंद.

चित्रपट मी मुद्दाम निवडला होता. दोन भावांचा. संगीत कमी, माणसे सावकाश आणि स्पष्ट बोलणारी. माझ्या खोलीवर मी तो दोनदा पूर्ण पाहिला होता, एकदा डोळे मिटून.

आबा आले. इस्त्रीचा सदरा घालून आले. खुर्चीवर बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. सगळे हसले तिथे हसले. इतरांच्या किंचित मागून, पण हसले. एका ठिकाणी त्यांनी मान हलवली. एका ठिकाणी डोळे पुसले. आईने ते मला कोपराने ढोसून दाखवले. चित्रपट संपला. आबा म्हणाले, “चांगला हाय,” आणि झोपायला गेले. विजयने टाळी मागितली, “अक्का, जिंकलीस!” मी टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला निघण्यासाठी मी पिशवी भरत होते. खिडकीबाहेर ओट्यावर आबा आणि मेहबूबचाचा चहा घेत होते.

“क्या ड्रायवरसाब,” चाचा मोठ्याने म्हणाले, “काल घरात पिक्चर बघितला म्हणं? सुनाओ.”

“दोगं भाऊ असत्यात,” आबांनी सुरुवात केली.

“अच्छा.”

“जमत न्हाय एकमेकाचं. पर वाईट न्हाईत. पोटात माया हाय.”

“फिर?”

“त्येंची एक भैन असती. थोरली. लई शिकलेली. लांबून येती.”

मी पिशवीची चेन अर्धी ओढली होती.

“आली की घरातलं सामान हलवती. ह्ये हिकडं, त्ये तिकडं. बापाला धरून ह्या खुर्चीत बसवती, त्या खुर्चीत बसवती. आन् जाती.”

“कशाला पण?”

“त्येच तर सांगत न्हाईत पिक्चरमदी. येती, हलवती, जाती. बापाजवळ घटकाभर बसत न्हाय.”

“या अल्ला. मग शेवटी?”

“शेवट कुठला,” आबा म्हणाले. “लाईट गेली.”

चित्रपट दोन भावांचा होता, एवढे बरोबर आहे. त्यात बहीण नाही. वडील पहिल्याच प्रसंगात वारलेले असतात. आणि त्या रविवारी उमरग्यात वीज गेली नव्हती.