गांगुर्डेकाकांचा शॉक बंद होता तेव्हा

स्क्रीनवरचं हृदय पुन्हा बिघडलं, आणि पुन्हा त्याच्या समोरच्याच भिंतीत.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. हृदय बिघडवणं हेच माझं काम आहे. पेशंटच्या एमआरआयवरून आम्ही त्याच्या हृदयाची हुबेहूब नक्कल कॉम्प्युटरवर बनवतो. तिला मॉडेल म्हणतात. मग त्या मॉडेलला ठिकठिकाणी विजेचे छोटे टोचे देतो आणि कुठून ते बेफाम धावायला लागतं ते बघतो. ती जागा सापडली की डॉक्टर नेमकी तेवढीच जागा जाळून बंद करतात. माझे वडील विंचूरच्या कांदा मार्केटात हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. मला पोचवायला शाळेतल्या विज्ञानाच्या बाई स्वतः नाशिकपर्यंत आल्या होत्या. आजही कोणी कामाबद्दल विचारलं की मी वडिलांना सांगितलं असतं तसंच, सोप्या शब्दांत सांगते.

हे हृदय निवृत्ती गांगुर्डे यांचं होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. अटॅकमध्ये हृदयाचा काही भाग मरतो, त्याला आम्ही स्कार म्हणतो. स्कारमधून वीज जात नाही, पण त्यात कधी कधी जिवंत स्नायूची एक बारीक वाट उरते. द्वारका चौक बंद असला की गाड्या गल्लीत घुसतात, तशी वीज त्या वाटेत घुसते, बाहेर पडते आणि वळून पुन्हा तिच्यातच शिरते. अशी ती गोल फिरत राहिली की हृदय बेफाम धावतं. त्यावर उपाय म्हणून काकांच्या डाव्या खांद्याखाली एक डबी बसवली होती. हृदय बेफाम झालं की ती आतून शॉक देऊन ताळ्यावर आणते. काकांना असे शॉक वरचेवर बसत होते.

अडचण अशी होती: डबी बसवण्याआधी, हृदय बेफाम धावण्याच्या एका झटक्याच्या वेळी काढलेला त्यांचा ईसीजी आमच्याकडे होता. त्यात काही रेषा खाली जात होत्या. माझ्या मॉडेलने काढलेल्या ईसीजीत त्याच रेषा वर जात होत्या. म्हणजे खरं हृदय दुसऱ्याच जागेवरून बिघडत होतं.

आमचे हेड देवरे सर म्हणाले, "हॉस्पिटलचे दोन फोन येऊन गेले. रिपोर्ट पाठव."

"सर, मला हे मॉडेल पटत नाही."

"तूच बनवलंयस."

"म्हणूनच सांगतेय."

सर हसले, आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. आम्ही मूळ एमआरआय एकेक चित्र करून पाहिला. या एमआरआयमध्ये स्कार पांढरा दिसतो. समोरच्या भिंतीत पांढरा पट्टा होता, पण तो हृदयाच्या बाहेर, छातीच्या स्नायूंतही पसरला होता. स्कार असा हृदयाबाहेर जात नाही. तो स्कार नव्हताच. डबीच्या धातूमुळे चित्रावर पांढरा फराटा उमटला होता, आणि आमच्या सॉफ्टवेअरने त्यालाच मेलेला स्नायू समजून मॉडेल बांधलं होतं. रिपोर्ट गेला असता तर डॉक्टरांनी काकांच्या हृदयाचा धडधाकट भाग जाळला असता.

धातूचा त्रास कमी करणारी एमआरआयची एक वेगळी सेटिंग असते. तिच्यावर पुन्हा एमआरआय करायला हवा होता. मी काकांवर उपचार करणाऱ्या डॉ. बागूलांना फोन केला. ते म्हणाले, पेशंट आता काहीच करून घ्यायला तयार नाही, डबीच काढून टाका म्हणतोय. डबी काढली तर पुढच्या झटक्याला त्यांना वाचवणारं काही उरणार नाही. तुम्हीच येऊन समजावा.

मी गेले. काका कॉटवर बसले होते, आणि त्यांच्याखाली घरून आणलेलं, विजेपासून वाचवणारं काळं रबरी मॅट होतं. काकू लांब दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर नात ओवी, दीड-दोन वर्षांची, काकांकडे झेपावत होती.

"लांब ठेव तिला," काका म्हणाले.

काकूंनीच मग सांगितलं. डबी बसवल्यापासून त्यांनी पोरीला हात लावलेला नाही. जेवायला, झोपायला मॅटवरच. आपल्याला शॉक बसला आणि तेव्हा पोर अंगावर असली, तर तिलाही बसेल, ही भीती. शॉकच्या वेळी त्यांना स्पर्श केलेल्या माणसाला फार तर मुंग्या आल्यासारखं वाटेल, इजा होणार नाही, असं डॉक्टरांनी पुष्कळदा सांगून झालं होतं.

"डॉक्टर हार्टवाले हायेत. मी लाईनवाला," काका मला म्हणाले. "लाईनला चिकटलेल्या माणसाला सोडवायला गेलेला दुसरा माणूस चिकटताना मी पाह्यलाय. दोघंबी गेले. मला नका शिकवू."

मी शिकवलं नाही. आमचं चित्र कसं चुकलं तेवढं सांगितलं. मोबाईलवर तो पांढरा पट्टा दाखवला. पुन्हा एमआरआय का हवा ते सांगितलं. एमआरआयच्या वेळी डबीचा शॉक बंद ठेवतात, हे ओघात सांगितलं.

काका थांबले. "बंद म्हंजे? पूर्ण बंद?"

"पूर्ण. काम झालं की परत चालू करतात."

"मग करा," ते म्हणाले. मला वाटलं, चला, आपल्याला समजावता आलं.

एमआरआयच्या दिवशी मी मुद्दाम गेले. बाहेरच्या खोलीत डबी सेट करणारा टेक्निशियन आपलं मशीन घेऊन आला. त्याने काकांच्या छातीवर मशीनला वायरने जोडलेली चकती ठेवली आणि बटणं दाबली.

"झालं, काका."

"असं नाय. आमच्याकडं ज्यानं लाईन बंद केली त्यानं तोंडानं सांगायचं असतं. मंग दुसरा हात लावतो."

टेक्निशियनने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली.

"शॉक बंद आहे. मी बंद केलाय."

"शॉक बंद आहे," काकांनी परत म्हटलं. मग काकूंकडे हात पसरले. "दे तिला."

तेव्हा मला कळलं की ते एमआरआयला का तयार झाले होते.

आमच्या हिशेबाने ही सगळ्यात धोक्याची वेळ होती. आता झटका आला तर डबी काही करणार नव्हती. डॉक्टर बाहेरून शॉक द्यायच्या मशीनपाशी उभे राहिले, नजर मॉनिटरवर. काकांच्या हिशेबाने मात्र हीच एक सुरक्षित वेळ होती. ओवीने आधी त्यांच्या गाऊनची नाडी ओढली, मग नाक धरलं. काकांनी तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि ते तसेच बसून राहिले. काकू भिंतीकडे वळल्या. मॉनिटरवर ठोके एका लयीत पडत होते.

थोड्या वेळाने डॉक्टर हळूच म्हणाले, "काका, चला आता."

काकांनी पोर परत दिली. "बरं. घाला आत."

नव्या एमआरआयमध्ये समोरची भिंत स्वच्छ होती. स्कार खालच्या भिंतीत होता, त्यात एक बारीक वाट. मॉडेल तिथून बिघडलं आणि रेषा खऱ्या ईसीजीसारख्याच खाली गेल्या. देवरे सरांनी दोन्ही ईसीजी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आता पाठव." डॉ. बागूलांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून तार नेऊन ती वाट जाळली. त्यानंतर काकांना शॉक बसलेला नाही. डबी मात्र आहे आणि तिचा शॉकही चालू आहे. ती राहणारच, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलंय.

पुढे काका ओपीडीत भेटले तेव्हा ओवी त्यांच्या डाव्या खांद्यावर, बरोबर डबीच्या वर, गाल टेकून झोपली होती. काकूंनी सांगितलं की एका दुपारी काका झोपले असताना ती आपणहून त्यांच्या छातीवर चढून झोपली. जाग आल्यावर त्यांनी तिला उतरवलं नाही.

"काका, आता लाईन चालू आहे बरं का," मी म्हटलं.

"चालू हाय. हळू बोला, झोपलीय."

आमच्या ऑफिसात त्यानंतर एक नियम झाला. अंगात धातू असलेल्या पेशंटचं मॉडेल त्याच्या खऱ्या ईसीजीशी जुळल्याशिवाय बाहेर जात नाही. मी स्वतःपुरता आणखी एक केलाय. पेशंट हो म्हणाला, की ते आपण छान समजावल्यामुळेच, असं लगेच धरून चालायचं नाही.