करवतीवरची पाच बोटं

सोसायटीत कुणी दारं पॉलिश करायला काढली की जिन्यात थिनरचा वास भरतो आणि मला शिरवण्यातलं आमचं अंगण दिसतं. ऐंशीच्या दशकात माझ्या मोठ्या भावाने भंगारातून पेट्रोलवर चालणारी, झाडं कापायची करवत आणली. ती चालू झाल्यावर आम्ही तिला होडीचा उरलेला निळा रंग फासला. खाऱ्या पाण्यात टिकतो तो इथे कशाला जातोय, असं आम्हाला वाटलं. पण टाकी भरताना पेट्रोल सांडलं आणि रंग हातावर आला. मग भावाने पनवेलच्या गॅरेजातून गाड्यांचा पिवळा रंग आणि त्यावर मारायचा, हार्डनर घातलेला, सुकला की पेट्रोललाही दाद न देणारा बिनरंगी लॅकर आणला. खंडेनवमीच्या सकाळी लॅकर मारून, करवत उन्हात ठेवून आम्ही आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर आईने कोयत्या-विळ्यांबरोबर तिचीही पूजा उरकलेली, ओल्या लॅकरवर कुंकवाची पाच बोटं ओढून. भाऊ डोकं धरून खाली बसला. आई म्हणाली, "देवाचं हाय ते, राहू दे. तुमच्या रंगापेक्षा टिकंल." पुसलं असतं तर सगळाच रंग फराटला असता, म्हणून सुकल्यावर भावाने त्यावरच लॅकरचा दुसरा हात दिला. लोकांची झाडं कापून द्यायला गेलो आणि गिऱ्हाइकांनी त्या बोटांबद्दल विचारलं की तो गंभीरपणे सांगायचा, कंपनीतूनच अशी येते, आणि मी हसू दाबायला पाठ फिरवायचो. परवा ती करवत माळ्यावरून खाली काढली. पिवळा रंग कडांना उडालाय, कुंकू तसंच आहे. त्यावर माझी बोटं ठेवून पाहिली. आईच्या बोटांपेक्षा माझी कितीतरी जाड निघाली.