गच्चीवरचं वाळवण

उद्योजक हा समाजाच्या संपत्तीचा विश्वस्त असतो. सुधाकरच्या शोकसभेत हे वाक्य मी तीन वक्त्यांकडून ऐकलं. त्यांतल्या दोघांचे स्वतःचे कारखाने आहेत आणि त्यांच्या धुराड्यांजवळून जाताना आपण गाडीच्या काचा वर करतो. सुधाकर असता तर 'विश्वस्त' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडताच उठून चहाला गेला असता आणि जाताना मलाही खूण केली असती. होळीनंतरच्या आठवड्यात त्याच्या धाकट्या भावाचा, मधुकरचा फोन आला. "सर, दादा गेले..." जेवून हात धुवायला उठला, तो तिथेच खाली बसला. एवढंच.

जुन्या जालन्यात आम्ही एकाच गल्लीत वाढलो. मी कॉलेजात वाणिज्य शिकवायला लागलो आणि त्याने मधुकरला सोबत घेऊन भंगार वितळवून सळ्या करायचा कारखाना टाकला. भट्टीची राख अडवायला फिल्टर असतो. तो सगळ्यांकडे असतो. तपासणी अधिकारी यायचा असला की चालूही असतो. विजेचा खर्च फार, म्हणून एरवी बंद. सुधाकरकडेही काही वेगळं नव्हतं. मी वर्गात 'व्यवसायातील नीतिमत्ता' हे प्रकरण शिकवतो म्हटल्यावर त्याने विचारलं होतं, "परीक्षेला येतं का रे ते?" मी म्हटलं, येतं, पर्यायी प्रश्नात. "मंग बराबर हाय," तो म्हणाला.

पुढे सामाजिक दायित्वाचे दिवस आले. कारखान्यामागच्या गावातल्या शाळेत दप्तरं वाटायचं ठरलं. मांडव पडला, फ्लेक्स लागला आणि त्यावर दोघे भाऊ दप्तरांपेक्षा बरेच मोठे दिसत होते. प्रमुख पाहुणा मी. माझं भाषण चालू असताना शाळेला लागून राहणारी कौसाबाई परात घेऊन थेट मंचावर आली. परातीत कुरडया. कुरडई पांढरी असते. या राखाडी होत्या आणि वर काळे कण.

"शेठ, लेकरायला दप्तरं दिली, लई झाक केलं. आता ह्या बी घ्या. तुमच्याच भट्टीच्या हायती."

मधुकर घाईने उठला. "मावशी, कार्यक्रम चालू हाय. मंग बोलू."

"मंग म्हंजी कवा? मंग तर तुमी जेवायला जाताव."

मांडव हसला. सुधाकर हसला नाही. मागे आचारी पाहुण्यांसाठी भजी तळत होता. सुधाकरने परात त्याच्याकडे पाठवली आणि तळलेल्या कुरडया मंचावर मागवल्या. एक स्वतः घेतली, एक मधुकरला दिली, एक मला. कुरडई जिभेवर विरघळते म्हणतात. ही दाताखाली कचकचत होती. सुधाकरने ती पूर्ण खाल्ली, पाणी प्याला आणि कौसाबाईला म्हणाला, "मीठ बराबर पडलंय." माझं भाषण अर्धंच राहिलं. ते कुणी परत मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फिल्टर सुरू झाला. पण सुधाकर स्वतःला ओळखून होता. सुरू करणं सोपं, सुरू ठेवायला कुणीतरी डोक्यावर बसायला हवं. म्हणून त्याने घरच्या कुरडया, पापड, सांडगे, सगळं वाळवण कारखान्याच्या गच्चीवर घालायची रीत पाडली. दोघा भावांचं घर एकत्र. जे गच्चीवर वाळेल तेच वर्षभर दोघांच्या ताटात. "सायबाला चहा पाजता येतो," तो मला म्हणाला, "कचकचीला काय पाजणार?" त्याची बायको, सुशीलावहिनी, दर उन्हाळ्यात लोखंडी जिन्याने परातीच्या पराती वर न्यायच्या.

सळई महाग पडू लागली, जुने व्यापारी दुसरीकडे वळले. मधुकर वैतागला. "दादा, लोक हसून राह्यलेत. कारखाना हाय का पापड उद्योग?" "हसू दे. पापड तर खातेत ना?" एकदा गोष्ट वाटणीवर आली. मध्यस्थ म्हणून मी बसलो होतो. सुधाकर म्हणाला, "भट्टी तू घे, मधू. गच्ची माझी." गच्ची भट्टीच्या बरोबर वर आहे. वाटणी झाली नाही.

शोकसभेत मधुकरने दादांचा अर्धपुतळा जाहीर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा असल्याचं आठवून थांबवल्या. खाली उतरल्यावर मी फिल्टरचं विचारलं. "चालू हाय ना सर... लागंल तवा." मधुकर वाईट माणूस नाही. त्याला सळई विकायची असते. शिवाय त्याचा हिशेब पक्का होता. घरात दुखवटा असला की त्या वर्षी कुरडया-पापड करत नाहीत. म्हणजे यंदा गच्ची मोकळी. सुधाकरने इतका विचार केला होता, पण आपण मेल्यावर वाळवण बंद पडेल हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

चैत्रात मी वहिनींना भेटायला गेलो आणि आडून आडून हा विषय काढला. वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "वाळवण करायचं नस्तं, भाऊजी. धुणं तर करायचं अस्तं ना?"

गेल्या आठवड्यात कारखान्यावर जाऊन आलो. पुतळ्याचं काम अजून सुरू नाही. फिल्टर घरघरत होता. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नवी नायलॉनची दोरी बांधली आहे आणि तिच्यावर मधुकरचे शर्ट वाळत होते. तो पांढऱ्याशिवाय दुसरा रंग घालत नाही.