अण्णांच्या उशाजवळची बेल

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. इथले अनुभव वाचतो, पण मनातल्या मनात कारणं शोधत. हा अनुभव मात्र माझाच आहे... आणि त्यात भीती थोडी, लाज जास्त.

सत्त्याण्णवचा हिवाळा. दिंडोरीजवळ आमची शेवंतीची शेती. वडिलांच्या — अण्णांच्या — शरीरात रक्त तयार होणंच कमी झालं होतं, म्हणून त्यांना गंगापूर रोडच्या एका खासगी हॉस्पिटलात ठेवलं होतं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "प्लेटलेट्स फार कमी आहेत. उभं राहिलं की यांना चक्कर येते. साधं पडले तरी डोक्यात रक्तस्राव होईल. जवळून हलू नका."

अण्णा बेडपॅन घ्यायचे नाहीत. "बायामाणसांसमोर मला नाय जमायचं," म्हणायचे. मला डुलकी लागलेली असली तर उठवायचेही नाहीत. उशाशी लोंबणारं बेलचं बटण तीनदा दाबायचे. शेजारच्या खाटेवरचे काका चिडवायचे, "अण्णा, शाळेत शिपाई होता का?"

"शाळेत गेलोच कुठं? तीच हौस फेडतोय."

त्या दुपारी काकांना घरी सोडलं. खोलीत आम्ही दोघंच. अण्णांचा डोळा लागला होता आणि समोरच्या टीव्हीच्या दुकानात मॅच रंगली होती. अण्णांनी बेल दिली तर मी जागेवर नाही हे सिस्टरला कळेल... म्हणून स्टुलावर चढून मी ते बटण खिडकीच्या सगळ्यात वरच्या गजाला सुतळीनं बांधलं. शेवंतीच्या जुड्या बांधतो तशी गाठ — दोन वेढे, टोक आत खोचलेलं. स्टूल रिकाम्या खाटेखाली सरकवलं. अण्णांच्या खाटेचा कठडा वर करायला मात्र विसरलो.

अर्ध्या तासानं आलो तर अण्णा संडासाच्या दाराशी खाली पडलेले. सिस्टर त्यांचं डोकं धरून बसली होती. म्हणाली, "बरं झालं, लगेच बेल दिलीत. तीनदा वाजली म्हणून धावत आले. मावशींना बोलवायला गेला होतात ना?"

मी म्हणालो, "हो."

दारावरचा बेलचा लाल दिवा अजून पेटलेला होता. मी खिडकीकडे पाहिलं. बटण वरच्या गजालाच होतं. गाठ तशीच, स्टूलही खाटेखालीच. सुयांनी सुजलेला अण्णांचा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

सिस्टर स्ट्रेचर आणायला गेली तेवढ्यात मी वर चढून गाठ सोडली. अण्णा खालून बघत होते. डॉक्टर आल्यावर म्हणाले, "माझाच पाय सरकला. पोरगं इथंच होतं."

डोक्याला नुसतं टेंगूळ दिसत होतं. संध्याकाळी त्यांची जीभ जड झाली. तिसऱ्या दिवशी गेले.

आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "संजयनं बेल दिली, म्हणून तीन दिवस तरी मिळाले." मी मान खाली घालून ऐकायचो, लोकांना ते दुःख वाटायचं.

एका वायरमन मित्राला विचारलं. तो म्हणाला, शॉर्ट झालं असतं तर बेल वाजतच राहिली असती, तीनदा वाजून थांबली नसती. त्यालाही मी गाठीचं सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आईही गेली, तेच खरं मानून. आता सांगायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून इथे लिहितोय. बेल कोणी वाजवली, मला अजून माहीत नाही. बांधून कोणी ठेवली होती, ते मात्र अण्णांना माहीत होतं.