वाळूची कचकच

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या तिसरीच्या बाईंचे आहेत. तालुक्याच्या गावातली शाळा. बाई आम्हाला डोळे मिटायला लावत, हातावर एखादी वस्तू ठेवत आणि विचारत, "कसं लागतंय? शब्द सांग." खरखरीत, तुकतुकीत, भुसभुशीत. नुसतं 'चांगलं' म्हटलं की म्हणत, "चांगलं तर तुझं नाकही आहे!"

पुढे घरातला पहिला पदवीधर झालो आणि सौदीत दम्मामजवळच्या एका कारखान्यात लागलो.

तिथे एक मोठा पंप दुरुस्त करून बसवला होता. सुरू करण्याआधी त्याचा दांडा हाताने फिरवून बघायचा आणि सही करायची, हे काम माझं. आदल्या दिवशी वाळूचं वादळ येऊन गेलं होतं. दांडा फिरत होता, पण हाताला काहीतरी लागत होतं. उगाच थांबवलं तर बोलणी खायची. सही केल्यावर बेअरिंग गेलं तर नवी नोकरीच जायची.

"यल्ला, चल, कर सही!" माझे नाशिकचे साहेब ओरडले. "मुलगी बघायला आलायस काय?"

पंपाच्या कंपनीचे वयस्क जपानी इंजिनियर शेजारीच होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "काय लागतंय?"

"अ‍ॅबनॉर्मल," मी म्हणालो.

त्यांचं समाधान झालं नाही. "गोरो-गोरो?" त्यांनी धोंडा गडगडत जावा तशी मूठ हवेत फिरवली. मी नकारार्थी मान हलवली. "जारी-जारी?" आता त्यांनी वाळू राहिलेली शिंपली चावल्यासारखं तोंड केलं.

माझ्या अंगावर काटा आला. नीट न धुतलेली मेथी खाताना दाताखाली येते ती कचकच! डोळे मिटून मी दांडा पुन्हा फिरवला. "जारी-जारी. आमच्याकडे कचकच म्हणतात."

सही केली नाही. बेअरिंगचं झाकण उघडलं, तर ग्रीसमध्ये वाळू.

"बरं झालं, मुलगी नीट बघितलीस," साहेब म्हणाले.

परतताना बसमध्ये त्या जपानी गृहस्थांनी मला आणखी शब्द सांगितले. कोरडी वाळू बोटांतून निसटते ती सारा-सारा. आणि कुठेच काही वाजत नाही, तेव्हा शीन. बाहेर वाळवंट पसरलं होतं. बसमधून उतरल्यावर मी कितीतरी वेळ ते शीनच ऐकत राहिलो. मग बाईंना पत्र लिहिलं:

"आदरणीय बाई, आज एका परदेशी माणसाने मला तुमचाच प्रश्न विचारला. कॉलेजातलं उत्तर अपुरं पडलं, तुमच्या वर्गातलं पुरलं. या जपानी लोकांकडे शांततेलाही आवाज आहे, शीन. तुम्ही डोळे मिटायला सांगितलंत की वर्गात जे पसरायचं, ते तेच असावं. त्याला आपण काय म्हणायचं, बाई? मला शब्द सापडत नाही. तुम्ही सांगाल का?"